मूल नोव्हेंबरात येतं, सरकार जुलैत मोजतं



जूनमध्ये शाळा उघडल्या की कुठे ना कुठे 'विद्यार्थ्यांची उपस्थिती वाढवण्याचे उपाय' या विषयावर बैठक होते. उपाय ठरलेले असतात. शंभर टक्के हजेरीला वही-पेन बक्षीस द्या, वाढदिवसाला वर्गात टाळ्या वाजवा, भिंती रंगवा, पालक मेळावा घ्या. आणि शेवटी एक वाक्य हमखास येतं, 'खरी अडचण म्हणजे पालकांची अनास्था.' मग चहा होतो.

वही-पेनाला आमचा विरोध नाही. आमचं भांडण त्या शेवटच्या वाक्याशी आहे.

आम्ही बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत काम करतो. हा शिक्षणाचाही तालुका आणि साखरेचाही. बारामतीत महाविद्यालयं आहेत, वसतिगृहं आहेत, लांबलांबून पोरं शिकायला येतात. आणि त्याच पट्ट्यात कारखाने आहेत. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, शिवाय खासगी. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड, अहिल्यानगर, जालना अशा जिल्ह्यांतून टोळ्या उतरतात. कोप्यांचे तळ पडतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, असा इथला हिशोब. त्या जोडीबरोबर आलेली पोरं या हिशोबात नसतात. उचल कोयत्यावर मिळते.

मागच्या हंगामात एका तळावर आम्ही दुपारी गेलो. मोठी माणसं पहाटेच फडात गेलेली. दहाएक वर्षांची पोरगी कडेवर भाऊ घेऊन चुलीपाशी उभी होती. कितवीला, विचारलं. 'चौथीला.' शाळा कुठे? 'गावाकडं.' आम्ही बोलत होतो तेवढ्यात जवळच्या शाळेची घंटा झाली. तळावर ती स्पष्ट ऐकू येते. इथल्या शाळेत का जात नाहीस, असं आमच्यातल्या एका शहाण्याने विचारलं. पोरीने भावाकडे पाहिलं आणि म्हणाली, 'मग याला कोण बघल?'

अनास्था शोधायची असेल तर ती या उत्तरात शोधून दाखवा. ही पोरगी शाळा चुकवत नाही. ती कामावर आहे. आईबाप ऊस तोडतात म्हणून कारखाना चालतो आणि ही भाऊ सांभाळते म्हणून आईबाप ऊस तोडू शकतात. त्या तळावरचं पाळणाघर म्हणजे ही चौथीतली पोरगी. कारखान्याने तिला पगार दिला नाही, शाळेने तिला गैरहजर लावलं.

आता सरकार हे मूल कसं मोजतं ते बघू.

महाराष्ट्रात शाळाबाह्य मुलांचं एका दिवसाचं मोठं सर्वेक्षण झालं ते ४ जुलै २०१५ रोजी. 'मिशन झिरो ड्रॉपआऊट' झालं ते २०२२ च्या ५ ते २० जुलै या काळात. दोन्ही वेळा जुलै. जुलैमध्ये ऊसतोड कामगाराचं मूल कुठे असतं? आपल्या गावात, आपल्या शाळेत, बाकावर. मोजणारा गेला की त्याला मूल हजर सापडतं. तो खोटं लिहीत नाही, त्याला पाठवलंच चुकीच्या महिन्यात. नोव्हेंबरात तेच मूल इथल्या कोपीत असतं, तेव्हा मोजणी नसते.

पुढची तारीख ३० सप्टेंबर. या दिवशीच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला शिक्षक किती मिळणार ते ठरतं. आमच्याकडची शाळा नोव्हेंबरात तळावरची तीस मुलं घेईलही, पण त्या तीस मुलांसाठी तिला वाढीव शिक्षक मिळत नाही, कारण ती मुलं ३० सप्टेंबरला तिच्या पटावर नव्हती. तिकडे बीडच्या शाळेत शिक्षक आहे आणि समोरचे बाक रिकामे. इकडे बाक भरले तर शिक्षक नाही. म्हणजे जी शाळा या पोरांना घेईल तिला बक्षीस काय, तर जादा काम. मग मुख्याध्यापक तळाकडे जाणारा रस्ता टाळतो. टाळणाऱ्याला आम्ही माफ करत नाही, पण त्याला टाळायला शिकवलं कोणी हेही लिहून ठेवलं पाहिजे.

२०२३ च्या डिसेंबरपासून रोजची हजेरी मोबाईलवरच्या बॉटवर भरायला लागले. पटावरचे किती आले हे त्यात रोजच्या रोज वर जातं. पटावर नाहीच, त्याचं काय? जो पटावर नाही तो गैरहजरही नाही. आमच्या बापजाद्यांना हा प्रकार ओळखीचा आहे. गावात राहून गावात न मोजला जाणं.

आता प्रोत्साहनाचं बघा. १९९२ साली राज्याने पहिली ते चौथीतल्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू केला. दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती, जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलींना हजर दिवसाला एक रुपया. वर्षाचे जास्तीत जास्त २२० रुपये. तीस वर्षं उलटली तरी तो रुपया रुपयाच राहिला. पण रकमेपेक्षा अट बघा. पंचाहत्तर टक्के हजेरी हवी. २२० दिवसांचे पंचाहत्तर टक्के म्हणजे १६५ दिवस. तळावरच्या पोरीचे हंगामात साधारण शंभर दिवस जातात. ती उरलेला एकही दिवस न चुकवता शाळेत गेली तरी १२० च्या पुढे जात नाही. ज्या पोरीला शाळेत आणायला भत्ता काढला, नेमकी तीच अटीने बाहेर.

हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. १९९५ साली शाळेत तांदूळ सुरू झाला तेव्हा महिन्याला तीन किलो, आणि अट ऐंशी टक्के हजेरीची. तेव्हाही जो रोज येऊ शकतो त्यालाच धान्य. पुढे २००१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्न द्यायला सांगितलं, तेव्हा कुठे तो हजेरीचा हिशोब सुटला. आला त्या दिवशी जेवला. साधी गोष्ट आहे. हजेरीवर बक्षीस ठेवलं की ते येऊ शकणाऱ्याला मिळतं. न येऊ शकणाऱ्याच्या वाटेतला धोंडा तिथेच राहतो.

धोंडा कोणता हे काही आज नव्याने शोधायचं नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिलं. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी सगळ्यांना पाठ आहे. त्यांनी कारणही सांगितलं होतं, ते कमी जण सांगतात. गरिबी आहे, गुरं राखायला आणि शेतावर पोरं लागतात, म्हणून ती शाळेत टिकत नाहीत. त्यासाठी शिष्यवृत्त्या द्या, बक्षिसं द्या, असंही ते म्हणाले. बक्षीस त्यांनाही मान्य होतं, पण पोटाची अडचण ओळखून. शेतकऱ्याला शिक्षणाची आवड नाही असं म्हणून त्यांनी हात झटकले नाहीत.

आणि बाबासाहेब. १२ मार्च १९२७. महाडच्या सत्याग्रहाच्या आठ दिवस आधी ते मुंबईच्या विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलत होते. शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त अठरा चौथीपर्यंत पोहोचतात, बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात, हे आकडे त्यांनी सभागृहापुढे ठेवले. शाळेत आलेलं मूल कायमचं साक्षर होऊनच बाहेर पडलं पाहिजे, नाहीतर खर्चाला अर्थ नाही, असा त्यांचा मुद्दा होता. त्यांनी दाखल किती झाले एवढं विचारलं नाही, टिकले किती ते विचारलं. तळावरची ती पोरगी चौथीत आहे. पुढच्या हंगामात ती पाचवीत असेल, की तिच्या हातात कोयता असेल, हाच तो १९२७ चा प्रश्न आहे.

शाहू महाराजांचं उदाहरण देऊन काही जण म्हणतात, पालकांना दंड करा. करवीर संस्थानात १९१७ साली सक्तीचा कायदा आला आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्याला महिना एक रुपया दंड होता, हे खरं. पण त्या राजाने दंडाच्या कितीतरी आधी वसतिगृहं बांधली होती. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह १९०८ चं. आधी सोय, मग सक्ती. सोय गाळून सक्तीच उचलणाऱ्यांनी शाहूंचं नाव घेऊ नये. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली पहिलं वसतिगृह उघडलं तेही इंदापूरवरून सरळ जाणाऱ्या रस्त्यावरच्या सोलापूरला. चळवळीचं पहिलं काम पोरांच्या राहण्या-जेवण्याचं होतं.

सरकार म्हणेल, वसतिगृहं आम्हीही दिली. २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा योजनेतून ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर झाली. ती चालली पाहिजेत, वेळेवर उघडली पाहिजेत. पण दूधपितं पोर वसतिगृहात ठेवता येत नाही. ते आईबरोबर तळावर येणार, आणि त्याला बघायला ताईही येणार. म्हणून आमचं म्हणणं आहे, मुलीची हजेरी वाढवायची तर आधी तिच्या भावासाठी तळावर पाळणाघर काढा. कोपीपासून शंभर पावलांवर, पहाटे फड सुटायच्या आत उघडणारं. ऊसतोड कामगार महामंडळासाठी उसाच्या टनामागे १० रुपये घेण्याचा निर्णय आहेच. त्यातून एक मावशी आणि एक पत्र्याची खोली निघत नाही, हे आम्हाला पटत नाही.

दुसरी अडचण रस्त्याची. हंगामात आमच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर धावतात. त्या रस्त्याने सहा वर्षांचं पोर दोन किलोमीटर चालत पाठवायचं धाडस बैठकीतल्या कोणी आपल्या नातवाबाबत करून बघावं. ऊस आणायला वाहन मिळतं, पोरं न्यायला का नाही?

साखरशाळा होत्या त्या २०१० ला शिक्षण हक्क कायदा लागू झाल्यावर हळूहळू बंद पडत गेल्या. मुलांना वेगळ्या तात्पुरत्या शाळेत न बसवता नियमित शाळेत घ्यायचं, हे तत्त्व बरोबर. वेगळं बसवण्याचा अर्थ आम्हाला कोणी समजावायला नको. पण साखरशाळा गेली आणि नियमित शाळेचं दार उघडलं नाही, तर तत्त्वाचं काय लोणचं घालायचं? सोमेश्वरच्या तळावर कोपीवरची शाळा भरवणारे लोक आहेत, शाळाबाह्य पोरं हुडकत फिरणारे बालरक्षक शिक्षक आहेत. त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण कायद्याचं काम चार भल्या माणसांच्या सुट्टीच्या दिवसांवर ढकलता येत नाही.

आता आपल्याविषयी. तळावर आपलीच माणसं आहेत. कोपीत बाबासाहेबांचा फोटो लावलेला दिसतो. तरीही आमच्या वस्त्यांमध्ये ती 'बीडवाले' असतात, सहा महिन्यांचे पाहुणे. १४ एप्रिलला मिरवणुकीच्या गाडीवर किती खर्च झाला हे आम्ही अभिमानाने सांगतो. पण आपल्या गावच्या तळावर किती मुलं उतरली हा आकडा आमच्यातल्या किती जणांना ठाऊक असतो? आम्हालाही मागच्या हंगामापर्यंत नव्हता. शाळेला दोष देण्याआधी हे कबूल केलेलं बरं.

कायदा हातात आहे, तो वापरायला शिका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ मध्ये स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे बघण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. म्हणजे आईबापांनी दारात यावं असं नाही, त्यांनी तळावर जायचं. शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे कलम ५. वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही, हे कलम १४. वर्ष सुरू झालं, आता जागा नाही, हेही चालत नाही, ते कलम १५. आणि कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. आपल्या वस्तीतली बाई त्या समितीत आहे का, आणि असली तर तिला बैठकीला बोलावतात की नुसती सही घ्यायला वही घरी पाठवतात, ते आजच विचारा.

मागण्या दोन आहेत, दोन्ही पंचायत समितीला लेखी द्यायच्या. पहिली, आमच्या दोन तालुक्यांत नोव्हेंबरच्या शेवटी आणि पुन्हा जानेवारीत तळांवर मुलांची मोजणी करा, आणि त्या पटावर हंगामापुरता शिक्षक द्या. दुसरी, गावाकडची हजेरी आणि इथली हजेरी एकत्र धरा. स्थलांतरित मुलासाठी शिक्षण हमी पत्रक आहे, ते त्याच्याबरोबर यायला हवं. दोन्हीकडचे दिवस जोडले तर तळावरची पोरगी १६५ ची अट सहज ओलांडेल, आणि तिचा तो एक रुपया तरी तिला मिळेल.

हे होईपर्यंत काम थांबत नाही. टोळ्या उतरल्या की पहिल्या आठवड्यात प्रत्येक गावातल्या दोघांनी वही घेऊन तळावर जायचं. मुलाचं नाव, वय, गावाकडची शाळा, इयत्ता, आणि कडेवर भावंड आहे का, एवढंच लिहायचं. संध्याकाळी जा, दुपारी आईबाप भेटत नाहीत. दुसऱ्या दिवशी ती यादी अर्जाला जोडून मुख्याध्यापकांकडे द्यायची, एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. आवाज चढवायचा नाही, पण पोच घेतल्याशिवाय शाळेतून निघायचंही नाही.