घरोघरचे प्रश्न : काम करीत जगप्रवास

मुलगा किंवा मुलगी पदवीधर होते, दोनतीन वर्षें नोकरी करून चार पैसे गांठीला बांधते, आणि एके दिवशीं रात्रीच्या जेवणाचे वेळीं घरच्या मंडळींस सांगते कीं, आपण वर्षभर जग पाहण्यास जाणार आहों व लागेल तेवढा पैसा तिकडेच काम करून मिळविणार आहों. शिक्षणासाठीं परदेशगमन आपल्या घरांस आतां नवें राहिलें नाहीं. नोकरीसाठीं गेलेले तर प्रत्येक कुटुंबांत एकदोन असतातच. प्रवासी कंपनीबरोबर पंधरा दिवसांत दहा शहरें पाहून येणारी वडील माणसेंहि पुष्कळ. परंतु थोडें काम, थोडा प्रवास, पुन्हां दुसऱ्या देशीं थोडें काम, हा प्रकार ऐकून आजोबा गप्प होतात आणि आई ताटें उचलूं लागते. हा छंद म्हणावा कीं उद्योग, आणि त्यास संमति द्यावी कीं नाहीं, असा प्रश्न नगर, संगमनेर, श्रीरामपूर या बाजूच्या वाचकांकडून आमच्याकडे आला आहे. त्याचा विचार या महिन्यांत करूं.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, काम करीत परमुलखीं हिंडणें ही गोष्ट आपल्या जिल्ह्यास मुळींच अपरिचित नाहीं. २०२४ सालीं जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें. पण पाथर्डी-शेवगांवकडील कष्टकरी कुटुंबें पूर्वीप्रमाणेंच दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन साखर कारखान्यांच्या मुलखांत जातात व उन्हाळ्यांत परततात. तीं हौसेनें जात नाहींत, पोटासाठीं जातात, हा भेद मोठा आहे. तरी त्यांच्या व्यवहारांतील एक शब्द आपल्या मुलांनीं शिकून ठेवण्यासारखा आहे. तो शब्द म्हणजे 'उचल'. मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेतली, कीं ती फिटेपर्यंत मजुरास फड सोडतां येत नाहीं. परदेशप्रवासाचेंहि तसेंच आहे. दलालास देण्यासाठीं लाखों रुपयांचें कर्ज काढून जो निघाला, तो प्रवासी नव्हे. तो उचल घेतलेला मजूर होय. पुढील सर्व विवेचनाचें सार याच एका गोष्टींत आहे.

शिष्यवृत्तीवर गेलेल्यांची स्थितिहि कधीं कधीं नाजूक होते. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, म्हणजेच पुढें प्रसिद्धीस आलेले सेनापति बापट, १९०४ सालीं मंगळदास नथूभाई शिष्यवृत्ति मिळवून एडिंबरो येथें यंत्रशास्त्र शिकावयास गेले. तेथें ब्रिटिश राज्याविरुद्ध भाषण केल्यामुळें ती शिष्यवृत्ति बंद झाली. त्यांनीं आपलें मत सोडलें नाहीं, हें त्यांचें तेज झालें. परंतु पैशाची वाट एकच असली, म्हणजे ती बंद करण्याची सत्ता दुसऱ्याच्या हातीं राहते, एवढा बोध सामान्य गृहस्थानेंहि घ्यावा.

आतां ज्यांनीं स्वकष्टानें देश पाहिले, अशीं तीन माणसें पाहूं. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे यांनीं क्रांतिकार्याच्या ओढीनें तरुणपणींच देश सोडला. जपानमार्गें ते अमेरिकेस गेले आणि मिळेल तें काम करीत तेथील कॉलेजांतून शेतकीचें शिक्षण घेतलें. गदर चळवळींत पडल्यावर इराणपर्यंत भ्रमंति झाली. शेवटीं १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोंत स्थिरावले व चापिंगोच्या राष्ट्रीय शेतकी विद्यालयांत प्राध्यापक झाले. मका व गहूं यांच्या सुधारलेल्या जातींवर त्यांनीं तेथें संशोधन केलें आणि शेतकऱ्यांसाठीं शाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकारानें आपल्या भित्तिचित्रांत त्यांस स्थान दिलें. २०२२ सालीं चापिंगो येथें त्यांचा पुतळा उभा राहिला. अंगमेहनतीची लाज न बाळगणें, पण तेवढ्यावरच न थांबतां एक विद्या पक्की करणें, हें त्यांच्या प्रवासाचें रहस्य.

दुसरे धर्मानंद कोसंबी. गोव्यांतील सांखवाळचा हा अल्पशिक्षित तरुण १८९९ सालीं ज्ञानासाठीं घर सोडून निघाला. काशीस संस्कृत, सिंहलद्वीपांत पालि, पुढें ब्रह्मदेश, असा मार्ग त्यांनीं बहुतेक हातीं द्रव्य नसतां काटला. पुढें तीच पालि भाषा त्यांची शिदोरी झाली. १९१० पासून विसुद्धिमग्ग या ग्रंथाच्या संपादनासाठीं त्यांस हार्वर्ड विद्यापीठानें वेळोवेळीं बोलाविलें आणि १९२९ सालीं ते लेनिनग्राडलाहि गेले. मध्यंतरीं पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत त्यांनीं पालि शिकविली. ज्यास दुर्मिळ विद्या येते, त्यास जगाची दारें ठोठवावीं लागत नाहींत.

तिसरें उदाहरण मुद्दाम मुलींच्या पालकांसाठीं. पंडिता रमाबाई १८८३ सालीं इंग्लंडास गेल्या. तेथें स्वतः शिकत असतां चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजांत त्यांनीं संस्कृत शिकविलें. १८८६ सालीं अमेरिकेस गेल्यावर व्याख्यानें देत व स्वतःचें पुस्तक विकत त्यांनीं तो विस्तीर्ण देश पाहिला, आणि परत येतांच १८८९ सालीं मुंबईंत शारदासदन काढलें. त्यांच्या धर्मांतराविषयीं मतभेद असोत. पण वाणी आणि लेखणी यांच्या बळावर एक स्त्री लहान मुलीची आई असतांहि खंडें ओलांडूं शकते, हें सव्वाशेंहून अधिक वर्षांपूर्वींच सिद्ध झालें आहे.

असो. आजच्या मार्गांकडे वळूं. पहिला मार्ग तरुणांसाठीं राखलेल्या मर्यादित परवान्यांचा. भारत व ब्रिटन यांच्या करारानुसार २०२३ पासून १८ ते ३० वयाच्या पदवीधरांस दोन वर्षेंपर्यंत ब्रिटनमध्यें राहून काम करतां येतें. जागा वर्षाला ३,००० पर्यंत असून निवड सोडतीनें होते आणि खात्यांत २,५३० पौंड शिल्लक दाखवावी लागते. ऑस्ट्रेलियानेंहि २०२४ पासून त्याच वयोमर्यादेंतील भारतीयांसाठीं वर्षाला १,००० जागा सोडतीनें दिल्या आहेत. तेथें बारा महिने राहतां येतें, परंतु एका मालकाकडे सामान्यतः सहा महिन्यांहून अधिक काम करतां येत नाहीं. कारण ती योजनाच मुळीं प्रवासासाठीं आहे. सोडतींत नांव न निघाल्यास दलाल तें काढून देतो, असें कोणी सांगेल तर तो खोटें बोलतो, हें निश्चित समजावें.

दुसरा मार्ग विद्यार्थ्याचा. ब्रिटनमध्यें पदवीच्या विद्यार्थ्यास सत्र चालू असतांना आठवड्याला २० तास, ऑस्ट्रेलियांत पंधरवड्याला ४८ तास, आणि जर्मनींत वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करण्याची मुभा असते. यांतून भाजीपाल्याचा व प्रवासाचा खर्च निघतो, फी निघत नाहीं. फी निघेल असा हिशेब मांडून घर गहाण टाकणाऱ्यांनीं पुनः विचार करावा.

तिसरा मार्ग समुद्राचा. प्रवासी बोटींवर आचारी, वाढपी, हिशेबनीस, वादक, परिचारिका अशा अनेक जागा असतात. करार बहुधा सहा ते नऊ महिन्यांचे असतात. राहणें-जेवणें बोटीवरच असल्यानें पगार शिल्लक पडतो. मात्र बंदरें जितकीं दिसतात तितकीं पाहावयास मिळत नाहींत, आणि कामाचे तास कठीण असतात. येथें सी. डी. सी. नांवाची नोंदवही व सुरक्षिततेचें शिक्षण लागतें. भरती करणाऱ्या कंपनीपाशीं सरकारचा आर. पी. एस. एल. परवाना आहे कीं नाहीं, हें प्रथम पाहावें. अशा कंपनीस नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेण्याचा अधिकार नाहीं.

चौथा मार्ग अगदीं अलीकडचा. संगणकावर घरबसल्या काम करणारा मनुष्य तेंच काम दुसऱ्या देशांत बसून करूं शकतो. मलेशियानें २०२२ पासून, स्पेननें २०२३ पासून व थायलंडनें २०२४ पासून यासाठीं स्वतंत्र परवाने सुरू केले आहेत. थायलंडच्या परवान्यास पांच लाख बाट शिल्लक दाखवावी लागते. या परवान्यांचा आधार बाहेरच्या मालकाचें काम हा असतो. स्थानिक नोकरी धरण्यासाठीं ते नसतात. शिवाय आपल्या मालकाची लेखी संमति घेतल्यावांचून लॅपटॉप घेऊन दुसऱ्या देशांत बसणें धोक्याचें आहे, कारण कराचे व गोपनीयतेचे प्रश्न त्यांतून उभे राहतात.

पांचवा मार्ग राहण्या-जेवण्याच्या मोबदल्यांत काम करण्याचा. १९७१ सालीं इंग्लंडांत सुरू झालेली सेंद्रिय शेतांवरील 'वूफ' ही चळवळ यापैकींच. शेतकरी कुटुंबांत राहून तो देश जितका कळतो तितका हॉटेलांत उतरून कळत नाहीं. पण पैसे न घेतां केलेलें कामहि अनेक देशांच्या कायद्यांत कामच ठरतें. केवळ पाहुण्याच्या व्हिसावर तें करूं गेल्यास विमानतळावरूनच परत पाठविलें जाण्याचा प्रसंग येऊं शकतो.

या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट फसवणुकीची. आपण सुशिक्षित, तेव्हां आपल्यास कोण फसविणार, अशी समजूत आपल्या घरांतून फार आहे. ती घातक आहे. थायलंडांत संगणकाची सुखाची नोकरी आहे, असें सांगून नेलेल्या तरुणांस सरहद्दीपलीकडे म्यानमारमध्यें कोंडून त्यांच्याकडून लोकांना ठकविण्याचें काम करवून घेणाऱ्या टोळ्या निघाल्या. त्याविषयीं भारत सरकारनें २०२२ सालींच इशारा दिला होता. तरी मार्च २०२५ मध्यें पांचशेंहून अधिक भारतीयांस तेथून सोडवून विमानानें आणावें लागलें. या जाळ्यासाठीं मुद्दाम इंग्रजी व संगणक जाणणारीं मुलेंच हेरलीं जात. १९८३ च्या परदेशगमन कायद्यान्वये भरती करणाऱ्या दलालाची नोंदणी आवश्यक आहे व तिची खात्री ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर करतां येते. नोंदलेल्या दलालासहि ३०,००० रुपये व त्यावरील कर यांहून अधिक मोबदला घेतां येत नाहीं. यापलीकडे कोणी लाख-दोन लाख मागूं लागला, कीं तेथेंच 'उचल' सुरू झाली असें समजून उठावें.

मग संमति द्यावी कीं नाहीं? आमचें मत असें कीं, चार गोष्टी कागदावर आल्यास आनंदानें द्यावी. पहिली, कोणत्या देशांत कोणत्या परवान्यानें किती दिवस, याचा लेखी आराखडा. दुसरी, परतीच्या भाड्याइतकी रक्कम घरीं निराळी ठेवणें, व ती कोणत्याहि कारणानें न मोडणें. तिसरी, आजारपणाचा विमा. कारण परदेशांतील एका शस्त्रक्रियेंत दहा वर्षांची शिल्लक जाऊं शकते. चौथी, पासपोर्ट व करार यांच्या नकला घरीं ठेवणें आणि आठवड्यांतील ठरलेल्या वारीं फोन करणें. मूळ पासपोर्ट मालकाच्या स्वाधीन करूं नये, हें मुलास बजावून सांगावें. मुलगी असल्यास हेच नियम लावावे. तिच्यासाठीं निराळे, अधिक कडक नियम करणारें घर तिला सुरक्षित करीत नाहीं, फक्त अडचणींत असतां खरें सांगण्याची भीति तिच्या मनांत घालतें.

वडील माणसांनींहि आपली बाजू उघड बोलावी. आजोबांचें वय झालें आहे, आईस एकटीस जड जाईल, धाकट्याचें शिक्षण व्हावयाचें आहे, या गोष्टी 'लोक काय म्हणतील' या पडद्याआड लपवूं नयेत. खरी अडचण सांगितली म्हणजे मुलें प्रवास सहा महिने पुढें ढकलतात; खोटी सांगितली म्हणजे न विचारतां जातात.

वर सांगितलेलीं तिन्ही माणसें जातांना बहुतेक रिकाम्या हातांनीं गेलीं. कोसंबी पालि घेऊन परतले, रमाबाईंनीं शारदासदन उभारलें, आणि खानखोज्यांनीं आयुष्याचीं उत्तम वर्षें ज्या देशास दिलीं त्यानें त्यांची आठवण ठेवली. मुलगा निघतांना कोणते देश पाहणार हें तर विचारावेंच. त्याबरोबर कोणतें काम शिकून येणार हेंहि विचारावें. या प्रश्नास ज्याच्यापाशीं उत्तर आहे, त्याच्या प्रवासाची काळजी थोडी कमी करण्यास हरकत नाहीं. परदेशीं कामास उपयोगी पडणारी भाषा घरबसल्या कशी शिकावी, याविषयीं पुढील अंकीं लिहूं.