न मोजलेला पाय

३ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय दिव्यांग दिन. संयुक्त राष्ट्रांनी १९९२ साली तो जाहीर केला. या निमित्ताने गावोगावी कृत्रिम पायांच्या वाटपाची शिबिरे भरतात आणि व्यासपीठावरून वाटलेल्या पायांचा आकडा सांगितला जातो. त्या हिशेबात एक पाय धरलेला नसतो. तो म्हणजे माणसाचा शाबूत राहिलेला पाय.

एक पाय गमावलेल्यांच्या दुसऱ्या गुडघ्याची झीज इतरांपेक्षा अधिक होते, हे वैद्यकाला ठाऊक आहे. कारण चालण्यातच दडले आहे. चालताना मागच्या पायाची पोटरी आणि घोटा शरीराला पुढे रेटतात, म्हणून पुढचे पाऊल अलगद टेकते. कृत्रिम पावलाला पोटरी नसते. ते ताठ असले तर रेटा तोकडा पडतो आणि अंगाचा भार धप्पकन शाबूत पायावर येतो. रोजची हजारो पावले, तीही वर्षानुवर्षे! त्यात सॉकेट, म्हणजे पायाचा उरलेला भाग ज्यात बसतो ती कृत्रिम पायाची खोबण, टोचत असेल किंवा त्या पायाची उंची कमीजास्त असेल, तर लंगडणे वाढते आणि कंबरही धरते. उलट, भार न पेलणाऱ्या बाजूच्या खुब्याचे हाड विरळ होत जाते.

दाबले की स्प्रिंगसारखी उसळी देणारी कार्बनची पावले आहेत. कृत्रिम पावलाचा रेटा वाढला, की शाबूत गुडघ्यावरचा ताण घटू शकतो, हे चालण्याच्या मोजमापांत दिसले आहे. पण ती पावले सर्वांच्या खिशाला परवडत नाहीत.

म्हणून हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. १९६८च्या सुमारास जयपूरमध्ये डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी आपला माणूस अनवाणी चालतो, मांडी घालतो, उकिडवा बसतो हे आधी पाहिले आणि त्याला जुळेल असे रबरी पाऊल, म्हणजेच जयपूर फूट, घडवले. जयपूर फूटचे मोठेपण स्वस्ताईइतकेच त्या पाहण्यात आहे.

ते पाहणे पाय बसवल्यावर थांबता कामा नये. पहिल्या काही महिन्यांत पायाचा उरलेला भाग आक्रसतो आणि काल घट्ट बसलेले सॉकेट ढिले होते. उंची, जुळणी आणि सॉकेट पुन्हा तपासायला कार्बन लागत नाही. लागते ती पुढची तारीख आणि ती पाळणारा तंत्रज्ञ. शिबिराच्या मांडवात पायासोबत ही तारीखही हाती पडली पाहिजे. दहा वर्षांनी तो माणूस दुसऱ्या गुडघ्यावर हात न टेकता उठला, तर दिलेला पाय खरा कामी आला.