श्रावणबाळाच्या खांद्याचं काय?

जाहीर पत्रक
(वाचा, शेजाऱ्याला द्या, ग्रामसभेला येताना सोबत आणा.)



आपल्या वाडीत, गल्लीत, चाळीत असं एक तरी घर आहे जिथे माणूस अंथरुणाला खिळून आहे. अर्धांगवायूचा झटका आलेले वडील, खुब्याचं हाड मोडल्यापासून न उठलेली आजी, काहीच आठवेनासं झालेली सासू, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी असलेला तिशीतला मुलगा. आपण विचारपूस करायला जातो, खाटेवरच्या माणसाकडे बघून हळहळतो आणि चहा घेऊन निघतो. तो चहा करणारीकडे कुणाचं लक्ष जात नाही. घरातली कमाई सोडून खाटेपाशी बसलेली असते ती तीच.

सरकारचंही तसंच आहे. आजाऱ्यासाठी तुटपुंजी का होईना, योजना आहे. आजारी माणूस सांभाळणाऱ्यासाठी अर्जावर साधा रकानाही नाही. राज्याने एका योजनेला श्रावणबाळाचं नाव दिलं, पण पैसे ठेवले ते फक्त कावडीत बसलेल्यांसाठी. कावड ज्याच्या खांद्यावर आहे त्याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

आमचं म्हणणं एकच आहे: घरात परावलंबी माणूस सांभाळणाऱ्याला, त्याच्या स्वतःच्या खात्यात, दरमहा काळजीवाहू भत्ता मिळाला पाहिजे. आम्ही भीक मागत नाही. संसदेने केलेल्या कायद्यात जे लिहिलं आहे तेच मागतो.

हे काम आहे

पडून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. नाही बदलली तर माकडहाडावर, टाचांवर, खुब्यावर कातडी आधी लाल होते, मग काळी पडते, मग जखम हाडापर्यंत उतरते. साठ किलोचं अंग एकटीने वळवायचं तर युक्ती लागते. गुडघा दुमडून घ्यायचा, एक हात खांद्याखाली, दुसरा कमरेखाली, आणि अंगाखाली आडवी घातलेली जुनी चादर आपल्याकडे ओढायची. लघवीची पिशवी भरायच्या आत रिकामी करायची, नळीला पीळ पडू द्यायचा नाही. पेज भरवताना डोकं उंच ठेवायचं आणि चमचा चमचा थांबून द्यायचा. घाई केली तर घास श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होतो.

रुग्णालयात हे करणाऱ्याला पगार असतो, पाळी असते, आठवड्याची सुट्टी असते. घरी करणारीला "करावंच लागतं बाई" एवढं ऐकायला मिळतं. खर्च वेगळाच. स्वस्तातला डायपर पंचवीस-तीस रुपयांना. दिवसाला तीन धरले तरी महिन्याला सव्वादोन हजार नुसते डायपरला जातात. औषधं, मलमपट्टी, गादी, रिक्षाभाडं अजून धरलेलंच नाही.

अशी घरं थोडीथोडकी नाहीत. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढची माणसं १ कोटी ११ लाख आणि दिव्यांग २९ लाख ६३ हजार मोजले गेले. यातले सगळेच परावलंबी नाहीत. पण जे आहेत त्यांना सांभाळणारे किती, हा प्रश्नच जनगणनेने विचारला नाही. जे मोजलंच जात नाही त्याच्यासाठी अर्थसंकल्पात पैसे कसे निघणार?

एकवीस हजारांचं नाटक

आता जे मिळतं ते बघा. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० सालची. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना ६५ वर्षांवरच्यांसाठी. दोन्हींत महिन्याला १,५०० रुपये. दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५पासून २,५००. ही वाढ झाली हे बरंच झालं. पण ते मिळवायला, दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर, कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावं लागतं. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,०००.

एकवीस हजार म्हणजे अख्ख्या घराला दिवसाला साडेसत्तावन्न रुपये. २०२५-२६ साली रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे घरातल्या एकाने वर्षात अडुसष्ट दिवस खड्डे खणले की सरकारच्या लेखी ते घर सुखवस्तू झालं आणि म्हाताऱ्याचा हक्क गेला!

मग अर्ज मंजूर होतात कसे? सगळ्यांना ठाऊक आहे. अर्जदाराला, सेतूत फॉर्म भरणाऱ्याला, दाखला देणाऱ्याला, तपासणाऱ्याला. एकवीस हजारांचा दाखला निघतो आणि सगळे एकमेकांच्या नजरेला नजर न देता पुढच्या टेबलावर सरकतात. जन्मभर कुणाचा पैसा न बुडवलेल्या माणसाला शेवटच्या दिवसांत सरकार खोट्यावर अंगठा उमटवायला लावतं. जो खरं उत्पन्न सांगतो त्याचा अर्ज नामंजूर होतो.

याच राज्याने २०२४ साली लाडकी बहीण योजनेसाठी अडीच लाखांची उत्पन्न मर्यादा ठेवली. त्या योजनेला आमचा विरोध नाही, आमच्यातल्या कित्येकींना ते पैसे मिळतात. पण अडीच लाखांपर्यंत कमावणाऱ्या घरातली बहीण गरजू ठरते आणि त्याच घरातले अंथरुणावरचे वडील ठरत नाहीत, हा न्याय कुठला? शिवाय त्या योजनेला वयाची अट ६५. ज्या आईने चाळीस वर्षांच्या मतिमंद मुलाला एकटीने सांभाळलं, तिने पासष्टी ओलांडली की तेही दार बंद.

दिल्लीचा हात तर त्याहून आखडलेला. साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरीब वृद्धासाठी केंद्राचा वाटा महिना २०० रुपये. २००७पासून त्यात एका रुपयाची वाढ नाही. ऐंशी टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्याला ३००. राज्य वर भर घालतं म्हणून घरात काही पोहोचतं.

आणि एवढ्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला. बँकेच्या पायऱ्यांपाशी टेम्पो थांबतो. मुलगा आणि शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट म्हातारीला उचलून आत नेतात. मशीनवर अंगठा ठेवतात. आयुष्यभर भांडी घासून रेषा झिजलेल्या, अंगठा उमटत नाही. दुसरं बोट, तिसरं बोट, ओलं फडकं, पुन्हा अंगठा. "उद्या या." समोर जिवंत बसलेल्या बाईला जिवंत असल्याचा पुरावा मागणाऱ्यांनी तिच्या घरी का येऊ नये?

टाकलं तर कैद, सांभाळलं तर शून्य

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा २००७ सालचा. त्यात म्हाताऱ्या माणसाला वाऱ्यावर सोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिक्षा असावीच. आई-बापाला टाकणाऱ्याची आम्ही बाजू घेणार नाही. पण जो टाकत नाही, त्याच्यासाठी सरकारकडे काय आहे? शिक्षा करताना घरच्यांचं कर्तव्य आठवतं. मदतीची वेळ आली की तेच कर्तव्य "तुमचा घरगुती मामला" होतं.

मदत अजिबात नाही असंही नाही. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत दिव्यांग नातेवाईक सांभाळणाऱ्याला ७५ हजारांची, अपंगत्व तीव्र असेल तर सव्वा लाखाची वजावट मिळते. सांभाळायला पैसे पडतात हे सरकारला पक्कं ठाऊक आहे, असाच याचा अर्थ. फक्त ते आठवतं कर भरणाऱ्यांच्या बाबतीत. शेतमजुरी सोडून खाटेपाशी बसलेली सून कुठला रिटर्न भरणार?

कायद्यात आहे, हातात नाही

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला, एप्रिल २०१७पासून लागू आहे. त्याच्या २४व्या कलमात सामाजिक सुरक्षेच्या योजनांची यादी आहे आणि त्यात जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहू भत्ता स्पष्ट लिहिला आहे. तशी गरज कुणाला आहे ते ठरवण्याची पद्धत ३८व्या कलमात आहे. "आर्थिक कुवतीच्या मर्यादेत" अशी पळवाटही कायद्यात आहे, आणि आजवर सगळे त्याच वाटेने पळाले. डिसेंबर २०२२मध्ये महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला, मोठा गाजावाजा झाला. विभागाने आता हे कलम उघडून वाचावं.

हे जमतं का? केरळात 'आश्वासकिरणम्' योजना आहे. अंथरुणाला खिळलेल्याला सांभाळणाऱ्याला महिना ६०० रुपये. रक्कम तोकडी आहे, पण रकाना आहे. त्याच राज्याने २००८ साली वेदनाशामक सेवेचं धोरण आखलं. पंचायतींच्या मदतीने नर्स घरी येते, जखम बघते, नळी बदलते, घरच्यांना शिकवून जाते. केरळच्या नर्सच्या पायांना जे अंतर जड जात नाही ते महाराष्ट्रालाच का लांब वाटतं?

"घरच्या माणसाला जपायचे पैसे कसले घेता?" असं विचारणारे भेटतील. त्यांना ब्रिटनची गोष्ट सांगा. तिथे १९७६ साली काळजीवाहू भत्ता सुरू झाला, पण विवाहित स्त्रियांना वगळलं होतं. त्या घरीच असतात, हेच गृहीतक. आजारी आईला सांभाळण्यासाठी नोकरी सोडलेल्या जॅकलिन ड्रेक यांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९८६ साली युरोपीय न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. आपल्याकडच्या सुनेबद्दल, लेकीबद्दल, बायकोबद्दल आपण आजही तेच गृहीत धरतो. माया फुकट असते हे कबूल. पण सोडलेली मजुरी फुकट नसते, आणि पाठीचं दुखणंही नसतं.

"खोटे लाभार्थी घुसतील" हा दुसरा आक्षेप. एकवीस हजारांची मर्यादा ठेवून सगळ्यांना खोटं बोलायला लावणाऱ्यांनी तरी तो घेऊ नये. अंथरुणावरचा माणूस लपवता येत नाही. आशा ताईला गावातली अशी प्रत्येक खाट माहीत असते.

आमच्या मागण्या

१. पूर्ण परावलंबी वृद्ध व दिव्यांगांना घरी सांभाळणाऱ्याच्या स्वतंत्र खात्यात दरमहा काळजीवाहू भत्ता. सुरुवात निदान २,५०० रुपयांनी व्हावी. तो आजाऱ्याच्या पेन्शनमधून कापू नये.
२. निराधार व श्रावणबाळ योजनांची २१,००० आणि ५०,०००ची मर्यादा रद्द करून अडीच लाख करावी.
३. हयातीचा दाखला आणि अपंगत्वाची तपासणी, जो उठू शकत नाही त्याची घरी येऊन करावी.
४. आठवड्यातून एकदा नर्सची घरभेट. डायपर, कॅथेटर, एअर बेड उपकेंद्रातून मिळावेत.
५. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात विसाव्याच्या काही खाटा राखाव्यात, म्हणजे सांभाळणाऱ्याला वर्षातून पंधरा दिवस तरी आपलं ऑपरेशन, लेकीचं बाळंतपण किंवा नुसती झोप उरकता येईल.
६. केंद्राने आपला २०० रुपयांचा वाटा वाढवावा आणि महागाईशी जोडावा.

तुम्ही काय करायचं?

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. येत्या ग्रामसभेत उभं राहून विचारा: गेल्या वर्षी किती जमले, कशावर गेले? त्यातून गावासाठी दोन एअर बेड आणि कमोडच्या खुर्च्या घ्यायचा ठराव मांडा, आणि वरच्या सहा मागण्यांचा दुसरा ठराव तहसीलदारांकडे पाठवायला लावा. शहरात असाल तर नगरसेवकाच्या कार्यालयात हेच करा. अर्ज तोंडी देऊ नका. पोच घ्या, तारीख घाला, महिन्याने माहिती अधिकारात विचारा.

ज्या घरात माणूस पडून आहे तिथल्या सांभाळणाऱ्याला ग्रामसभेला यायला जमणार नाही. तेवढे दोन तास तुम्ही त्या खाटेपाशी बसा आणि तिला सभेला पाठवा. ती बोलेल ते आमच्या पत्रकापेक्षा खरं असेल.

आणि मत मागायला कुणी दारात आलं, तर हार-नारळ बाजूला ठेवायला सांगा. त्यांना आत घ्या, खाटेपाशी न्या आणि आजोबांची कूस वळवायला हात लावायला सांगा. हात लावला की मग विचारा: भत्ता कधी सुरू करणार, तारीख सांगा.

आपले,
घरात माणूस सांभाळणारे आम्ही सारे