खेकड्याचा डबा

पाळलेल्या खेकड्याला कॅल्शियम मिळालेच पाहिजे. रोज मिळाले पाहिजे, त्याला हवे तेव्हा आणि हवे तेवढे मिळाले पाहिजे. हे माझे म्हणणे मी गेले दोन महिने या घरात जेवणाच्या टेबलावर मांडतो आहे, गाडीत मागच्या सीटवरून मांडतो आहे, आणि परवाच्या शनिवारी तर शेजाऱ्यांच्या अंगणात कणसे भाजता भाजताही मांडून झाले. शेजाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि माझ्या बशीत आणखी एक कणीस ठेवले. तावातावाने बोलणाऱ्याच्या तोंडात काहीतरी द्यावे, हा उपाय पुण्यात काय आणि न्यू जर्सीत काय, सारखाच.

तुम्हीही मनात म्हणत असाल, "म्हाताऱ्याला परदेशात करमत नाही, दुसरं काय!" ते खरेच आहे. आम्ही उभयता दर दोन वर्षांनी मुलाकडे एडिसनला येतो, सहा महिन्यांच्या शिक्क्यावर. पहिला महिना कौतुकाचा, दुसरा दुकाने हिंडण्याचा, आणि मग उरलेले चार महिने मी खिडकीत बसून समोरच्या माणसाचे गवत कापणे बघतो. पण खेकड्याचे प्रकरण करमणुकीचे नाही. त्यात माझ्या हातून एक जीव गेला आहे.

झाले असे. जुलैत चिरंजीव आम्हाला समुद्रावर घेऊन गेले. तिथे बोर्डवॉक म्हणून प्रकार असतो. समुद्राच्या कडेने टाकलेला लाकडी फळ्यांचा लांबच लांब रस्ता. आमच्या गिरगाव चौपाटीची अमेरिकेत दिलेली बहीण म्हणा. भेळ नाही, बाकी सगळे आहे. तिथल्या एका दुकानात पाटी होती : पिंजरा घ्या, खेकडा फुकट. फुकट हा शब्द वाचल्यावर मराठी माणसाचे पाय आपोआप थांबतात. माझे थांबले, आणि माझे बोट धरून चाललेली आमची नात चिऊ, वय वर्षे आठ, तीही थांबली.

तारेचा एवढासा पिंजरा, तळाशी बोटभर गुलाबी खडी, एक स्पंजाचा तुकडा, आणि एका पाकिटात तपकिरी गोळ्या. पाकिटावर लिहिलेले : संपूर्ण आहार. आणि खेकडा? त्याच्या पाठीवरच्या शंखावर बेसबॉलचे चित्र रंगवलेले. आपल्याकडच्या ट्रकांनासुद्धा इतका भडक रंग देत नाहीत. दुकानदार म्हणाला, "सोपं आहे. याला काही लागत नाही."

याला काही लागत नाही असे ज्याच्याबद्दल सांगितले जाते, त्याचे हाल मी जाणतो. मी सदतीस वर्षे सरकारी हिशेबनीस होतो आणि घरात माझी ओळख हीच होती.

आमची ही मालवणकडची. तिने पिंजऱ्यात डोकावून बघितले आणि निकाल दिला, "ह्येचो रस्सोसुदा होवचो नाय." चिऊने त्याचे नाव स्पार्की ठेवले. मी त्याला बंडोपंत म्हणत असे, कारण तो दिवसभर तोंड आत घालून बसे आणि घरातली सगळी निजली की हिंडायला निघे.

आता हा प्राणी म्हणजे आपला चिंबोरीवाला खेकडा नव्हे. याचा पुढचा भाग कवचाचा आणि मागचा भाग अगदी मऊ, उघडा. म्हणून तो मेलेल्या गोगलगायीचा रिकामा शंख शोधतो, त्यात पाठ घालतो आणि तो शंख घेऊन जन्मभर फिरतो. मोठा झाला की मोठा शंख बघतो. म्हणजे शंख त्याचा नव्हेच, तो भाडेकरू. इकडे विकतात ते बहुतेक जांभळ्या नांगीचे, कॅरिबियन बेटांकडचे. पिंजऱ्यात त्यांची पैदास होणे फार कठीण, कारण पिल्ले समुद्रात वाढावी लागतात. तेव्हा दुकानातला जवळजवळ प्रत्येक खेकडा हा कुठल्यातरी किनाऱ्यावरून उचललेला असतो. त्या किनाऱ्यावर तो काय खात होता? पडलेली फळे, पाला, कुजके लाकूड, वाहून आलेले मासे काट्यांसकट, शिंपल्यांचे तुकडे. त्याच्या पायाखालची वाळूच पोवळ्यांच्या आणि शंखांच्या भुग्याची. तिथे कॅल्शियम मागावे लागत नाही. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत मीठ जसे न मागता पानात पडते, तसे ते असते.

आणि आपण त्याला आणून ठेवतो गुलाबी खडीवर.

"बाबा," चिरंजीव म्हणाले (ते इंजिनियर आहेत, म्हणजे त्यांना सगळे ठाऊक असते), "त्याच्या पाठीवर एवढा मोठा शंख आहे. तो कॅल्शियमचाच असतो. त्याला वेगळं कॅल्शियम कशाला?"

हा युक्तिवाद मी नंतर तीन-चार सुशिक्षित माणसांकडून ऐकला, म्हणून त्याचे उत्तर इथेच देऊन टाकतो. आम्ही गिरगावात पागडीच्या खोलीत बावीस वर्षे काढली. भिंती दगडाच्या होत्या. त्यामुळे माझे गुडघे दगडाचे झाले नाहीत. झाले असते तर आज मी जिना धरून चढलो नसतो. घर मजबूत असणे निराळे आणि घरात राहणाऱ्याची हाडे मजबूत असणे निराळे. खेकड्याचे स्वतःचे कवच, त्याचे पाय, त्याच्या नांग्या हे त्याला स्वतः घडवावे लागते, आणि एकदा घडवून भागत नाही. कवच वाढत नाही. तेव्हा वाढायचे तर सापासारखी कात टाकायची, आत नवे मऊ कवच तयार ठेवायचे आणि बाहेर आल्यावर ते कडक करायचे. ते कडक होते कॅल्शियमने.

हे सगळे मला आज ठाऊक आहे. ऑगस्टमध्ये नव्हते.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बंडोपंतांनी खाणे सोडले. खडी उकरायला लागले. बोटभर खडीत उकरणार काय आणि शिरणार कुठे? एका सकाळी मी पाहिले तर पिंजऱ्यात शंख एकीकडे आणि शंखाबाहेर पायांचा, नांग्यांचा एक पोकळ, फिकट सांगाडा दुसरीकडे. मला वाटले, पंतांनी कात टाकली, सुटले. शंखात डोकावलो तर आत काहीतरी गुलाबीसर, मऊ, जिवंत. मला फार आनंद झाला. आणि आनंद झाला की मी साफसफाई करतो. ती सगळी कात मी कागदात गोळा केली, कचऱ्याच्या डब्यात टाकली, पिंजरा पुसून लख्ख केला, आणि हिला दाखवलाही. ही म्हणाली, "घरात एक कप कधी विसळला नाहीत."

चौथ्या दिवशी बंडोपंत गेले.

चिऊ रडली नाही. तिने शाळेच्या ग्रंथालयातून आणलेले एक पुस्तक माझ्यासमोर उघडून धरले आणि बोट ठेवून दाखवले. खेकडा कात टाकल्यावर ती कात स्वतः खातो. तिच्यातले कॅल्शियम परत अंगात घेतो आणि त्यावर नवे कवच घट्ट करतो. म्हणून ती कात कोणी हलवू नये.

"आजोबा," ती म्हणाली, "ते त्याचं टिफिन होतं. तुम्ही फेकलं."

मी आयुष्यात पुष्कळ टिफिन विसरलो, एकदा लोकलमध्ये दुसऱ्याचा उचलूनही आणला. पण कोणाचा डबा फेकला नव्हता. तारेच्या पिंजऱ्यातली हवा त्याच्या कल्ल्यांना फार कोरडी होती, हेही कारण असणार. जमिनीवर राहिला तरी तो कल्ल्यांनीच श्वास घेतो आणि कल्ले ओले लागतात. ते पाप मी दुकानदाराच्या खात्यावर घालतो. डबा मात्र माझ्या खात्यावर.

सप्टेंबरात चिऊच्या वर्गातले एक कुटुंब टेक्ससला निघाले आणि त्यांचे दोन खेकडे कोणाला तरी द्यायचे होते. तसेच पिंजरे, तसेच रंगवलेले शंख. सूनबाई नको म्हणाल्या, चिरंजीव नको म्हणाले. मी हो म्हणालो. या घरात माझ्या एका मताने ठरलेली ही पहिली गोष्ट. काचेची पेटी आली, झाकण आले, वीतभर ओली वाळू आली, न रंगवलेले पाच-सहा शंख आले. एक खेकडा आठवड्यात बेसबॉल टाकून साध्या शंखात राहायला गेला. वास्तुशांत आम्ही नाचणीच्या पिठाने करू पाहिली. नाचणी मी पुण्याहून डबाभर आणली होती. शंभर ग्रॅमला सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. खेकड्यांनी तोंड लावले नाही. लहानपणी आमच्या चिरंजीवांनीही लावले नव्हते.

सूनबाई म्हणाल्या, पालक द्या. पालकात कॅल्शियम आहे हे खरे, पण पालकातच ऑक्झॅलेट असते आणि ते कॅल्शियमला मिठी मारून बसते. पोटाला मिळत नाही. बँकेत पैसे आहेत पण पासबुक सापडत नाही, तसे. ही म्हणाली, पानाच्या डबीतला चुना लावा थोडा. विडीच्या पानाला चालतो तो चुना त्या जिवाला भाजून काढील. आणि चुना लावायचे काम दुकानदाराने आधीच केलेले होते.

मग काय द्यायचे? इथेच माझा खरा राग आहे. महाग काही द्यायचे असते तर मी समजू शकलो असतो. मला दिवसाला दोन गोळ्या असतात. बाटली उलटी करून बारीक अक्षरे वाचली : कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम, त्यातले कॅल्शियम ५००. जुन्या सवयीने कागद घेतला. अंड्याचे एक टरफल पाच-सहा ग्रॅमचे. जवळजवळ सगळे कॅल्शियम कार्बोनेटच. म्हणजे एका टरफलात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम, माझ्या चार गोळ्या. या घरात रोज सकाळी चार अंडी फुटतात. सोळा गोळ्या आम्ही रोज कचऱ्यात टाकत होतो, आणि त्याच घरात एक प्राणी संपूर्ण आहाराच्या पाकिटावर जगत होता.

टरफले उकळायची, वाळवायची, कुटायची, आणि वाटीत ठेवून द्यायची. बस. खलबत्ता नव्हता म्हणून पहिला हप्ता मी कॉफी दळायच्या यंत्रात काढला. दुसऱ्या दिवशी चिरंजीव म्हणाले, कॉफीला जरा चुरचुरीत चव आहे. मी गप्प राहिलो. त्यांचेही वय आता पंचेचाळीस आहे. गेले थोडे पोटात तर बिघडले नाही.

दुसरी वस्तू म्हणजे समुद्रफेस. माकुळाच्या पाठीतली ती पांढरी, हलकी पाटी. आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात मिळते आणि पोपटवाले पिंजऱ्यात टांगतात. इकडे पक्ष्यांच्या सामानात मिळते. नखाने खरवडली तरी भुगा पडतो. तीही तेच, कॅल्शियम कार्बोनेट. एक पाटी पेटीत उभी करून ठेवली की महिनोन् महिने बघायला नको. यात कसले शास्त्र, कसला खर्च, कसली दगदग? विकणाऱ्याने पिंजऱ्याबरोबर एक ओळीचा कागद दिला असता : अंड्याची टरफले टाकू नका, कात उचलू नका. पण मग 'याला काही लागत नाही' कसे म्हणणार?

चिरंजीवांचा शेवटचा हल्ला असा की, "एवढ्याशा खेकड्यासाठी एवढं? तो जगून जगून किती जगणार?" मोकळ्या किनाऱ्यावर हा खेकडा तीस वर्षे आणि त्याहूनही जास्त जगू शकतो. चिरंजीवांच्या गाडीहून जास्त, त्यांच्या या घराच्या कर्जाएवढा. आणि घरोघरी नेलेले महिन्यांत संपतात, मग पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पिंजरा घ्या, खेकडा फुकट. जगात माणसांनाच कॅल्शियम मिळत नाही, तिथे खेकड्याचे काय, असेही एकाने ऐकवले. मान्य. पण मी कोणाच्या मुलाच्या पेल्यातले दूध मागत नाही. मी कचरा मागतो आहे. तोही आपल्याच घरातला.

दोघांतला थोरला, ज्याला मी आता पंत म्हणतो, बारा सप्टेंबरला वाळूत शिरला. त्या दिवसापासून दिसलेला नाही. महिना, दीड महिना, कधी दोन महिने लागतात. वर काहीच हालचाल नाही. चिऊ रोज विचारते आणि मी रोज तारीख सांगतो. आज त्रेचाळिसावा दिवस. दोनदा रात्री उठून मला चमचा घ्यावासा वाटला, नुसते कडेने बघायला. खरे सांगतो, एकदा घेतलाही होता. ही मागे उभी होती. "कुर्ली मऊ असताना आमच्याकडे कोणी हात लावत नाही," ती म्हणाली आणि चमचा काढून घेतला. सकाळी पाहतो तो तिने चार टरफले धुऊन खिडकीत उन्हाला लावली होती, आणि धाकट्याची वाटी भरून ठेवली होती.

आमचे परतीचे विमान चौदा नोव्हेंबरचे आहे. पंत तोवर वर येतील किंवा येणार नाहीत. चिरंजीवांची आणि व्हॅक्यूम क्लीनरची मला भीती वाटते, म्हणून पेटीवर मी एक कागद चिकटवला आहे, वर मराठीत आणि खाली चिऊच्या अक्षरात इंग्रजीत : खणू नये. आत कोणी जेवत आहे.