‘तो आमचा कामगार नव्हता’ : नागपूरच्या विडी कारखान्यापासून बेसाच्या इमारतींपर्यंत

१/ बांधकामावरून पडून एखादा मजूर दगावला की त्याचे कुटुंब भरपाई मागते आणि त्याला बहुधा ठरलेले उत्तर मिळते : ‘तो आमचा कामगार नव्हता, त्याने काम ठेक्याने घेतले होते.’ कायद्याच्या भाषेत हा ‘स्वतंत्र कंत्राटदार’ असल्याचा बचाव. तो टिकला तर मालक भरपाईतून सुटतो. या बचावाला शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातील एक महत्त्वाचे प्रकरण नागपूरच्या विडी कारखान्यातून उभे राहिले. (थ्रेड)

२/ आधी आजचे चित्र. नागपूरच्या दक्षिणेचे बेसा हे एकेकाळचे शेतीचे गाव आता सदनिकांच्या योजनांनी भरले आहे. अशा ठिकाणी बिल्डर काम मुख्य ठेकेदाराला देतो. तो सेंट्रिंग, गिलावा, फरशी ही कामे वेगवेगळ्या पेटी कॉन्ट्रॅक्टरांना वाटतो. पेटी कॉन्ट्रॅक्टर ठिय्यावरून मिस्त्री, मजूर आणि रेजा आणतो. भाव चौरस फुटावर ठरतो, तोही बहुधा तोंडी. या साखळीत कोण कोणाचा कामगार, हे अपघात होईपर्यंत कोणी विचारत नाही.

३/ एकोणिसाव्या शतकापर्यंत जखमी कामगाराला मालकाची चूक सिद्ध करावी लागे. ते क्वचितच जमे. जर्मनीने १८८४ साली अपघात विम्याचा कायदा केला, इंग्लंडने १८९७ साली भरपाईचा. दोन्हींमागचा विचार एकच होता : यंत्र झिजले तर तो खर्च धंद्याचा मानला जातो, मग माणूस जायबंदी झाला तर तोही धंद्याचाच खर्च मानावा. चूक कोणाची, हा प्रश्न गौण ठरला.

४/ भारतात हा विचार ‘कामगार नुकसानभरपाई अधिनियम, १९२३’ या रूपाने आला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. १९२० साली ‘आयटक’ स्थापन झाली होती. १९२१ पासून ना. म. जोशी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी होते. चूक सिद्ध करण्याचे ओझे या कायद्याने कामगाराच्या डोक्यावरून बरेचसे उतरवले. त्याच्या जागी एक नवा प्रश्न आला : मुळात हा माणूस ‘कामगार’ आहे काय?

५/ ठेकेदारीची पळवाट कायदा करणाऱ्यांना ठाऊक होती. कलम १२ त्यासाठीच होते. एखाद्याने आपल्या धंद्याचाच भाग असलेले काम ठेकेदाराकडून करून घेतले, तर त्या ठेकेदाराच्या कामगाराला मूळ मालकानेच भरपाई द्यायची. नंतर ती रक्कम मालकाने ठेकेदाराकडून वसूल करावी. जखमी माणसाने मात्र साखळीत मालक शोधत फिरू नये, हा हेतू. कलम १७ ने तर भरपाईचा हक्क सोडून देणारा करारच रद्दबातल ठरवला.

६/ तरीही एक फट उरली. कलम १२ ठेकेदाराच्या कामगाराला तारते, ठेकेदाराला नाही. मग मरण पावलेला माणूसच ठेकेदार होता असे दाखवता आले तर? पाच माणसांची टोळी घेऊन गिलावा करणारा मिस्त्री स्वतःही भिंतीवर थापी चालवत असतो. तो कामगार की कंत्राटदार? या प्रश्नाचे उत्तर शोधताना न्यायालये ज्या मार्गाने गेली, तो विदर्भाच्या विडी धंद्यातून जातो.

७/ गोंदिया, भंडारा, चंद्रपूरच्या जंगलांतला तेंदूपत्ता, बाहेरून येणारी तंबाखू आणि हजारी दराने विड्या वळणारे हात, यांवर हा धंदा उभा राहिला. त्याला यंत्र लागत नाही. पान, तंबाखू आणि सूत दिले की विडी कोठेही वळता येते. म्हणून कारखानदार आणि वळणारा यांच्यात मध्यस्थ शिरला. कुठे त्याला कंत्राटदार म्हणत, कुठे सट्टेदार.

८/ या मध्यस्थाविरुद्ध उभ्या राहिलेल्यांत कामठीचे बाबू हरदास ल. न. (१९०४–१९३९) हे नाव अग्रभागी आहे. ‘जय भीम’ या अभिवादनाचे प्रवर्तक म्हणून ते सर्वांना परिचित आहेत. विडी कामगारांचे संघटक म्हणून त्यांची आठवण तितकी काढली जात नाही. कंत्राटदारांकडून होणारी पिळवणूक थांबावी म्हणून त्यांनी विडीचे काम सहकारी तत्त्वावर चालवण्याचा प्रयत्न केला. १९३७ साली ते मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेवर निवडून गेले. दोनच वर्षांत त्यांचे निधन झाले.

९/ स्वातंत्र्यानंतर प्रश्न सर्वोच्च न्यायालयात पोचला. १९५६ च्या ध्रांगध्रा केमिकल वर्क्स प्रकरणात वाद कच्छच्या छोट्या रणातील मीठ पिकवणाऱ्या अगरियांचा होता. कंपनी म्हणे, ते हंगामी ठेका घेतात आणि मदतीला स्वतः माणसे ठेवतात, तेव्हा ते कंत्राटदार. न्यायालयाने ते मानले नाही. काम कसे करावे हे सांगण्याचा अधिकार कोणाकडे आहे, ही कसोटी लावून अगरियांना कामगार ठरवले. मदतनीस ठेवल्याने माणूस आपोआप कंत्राटदार होत नाही, हेही त्यातून स्पष्ट झाले.

१०/ १९५८ चे चिंतामणराव प्रकरण सागरच्या विडी कारखान्याचे. तेथील सट्टेदार कारखान्याकडून तंबाखू नेत, विड्या आपल्या जागेत किंवा इतरांकडून वळवून घेत आणि तयार माल आणून देत. ते काम कोठे आणि कोणाकडून करून घेतात, याच्याशी कारखान्याला कर्तव्य नव्हते. त्यांना न्यायालयाने स्वतंत्र कंत्राटदार ठरवले. त्या तथ्यांवर हा निकाल समजण्यासारखा आहे. पण ‘स्वतंत्र’ या शब्दाची बाजारातील किंमत त्याने वाढवली.

११/ आता नागपूर. ‘बिरधीचंद शर्मा विरुद्ध प्रथम दिवाणी न्यायाधीश, नागपूर’, निकाल डिसेंबर १९६०. विडी कारखान्यातील तीन कामगारांनी पंधरा दिवसांची रजा घेतली. व्यवस्थापकाने त्या दिवसांचे वेतन दिले नाही. वाद भरपाईचा नव्हता, कारखाने अधिनियमाखालील भरपगारी रजेचा होता. बचाव मात्र तोच : हे आमचे कामगारच नाहीत, वाटेल तेव्हा येतात, वाटेल तेव्हा जातात आणि नगावर पैसे घेतात.

१२/ न्यायालयाने या ‘वाटेल तेव्हा’ची बारकाईने तपासणी केली. काम कारखान्यातच करावे लागे, घरी नेण्याची मुभा नव्हती. हजेरी मांडली जाई. दुपारी बारानंतर आलेल्याला तंबाखूच मिळत नसे, म्हणजे त्या दिवसाचे काम बुडाले. आठ दिवस गैरहजर राहिल्यास काढून टाकता येई. विडी ठरल्या प्रतीची नसेल तर नाकारली जाई. एवढ्या अटींत बांधलेल्या माणसाला स्वतंत्र कसे म्हणावे? तिघे कामगार ठरले.

१३/ या निकालाचे मोल त्याच्या एका निरीक्षणात आहे : नियंत्रणाचे स्वरूप धंद्यागणिक बदलते. विडी वळणाऱ्याच्या मागे दिवसभर मुकादम उभा राहण्याची गरज नसते. संध्याकाळी माल तपासून नापसंत विड्या बाजूला काढल्या तरी ते नियंत्रण पुरते. देखरेख डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती नाही असे होत नाही.

१४/ हा प्रश्न येथे मिटला असे वाटेल. पण १९६१ साली ‘शंकर बाळाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात त्याच न्यायालयाने बहुमताने उलट निष्कर्ष काढला. येथेही विडी कारखान्यातच वळली जाई, पैसे नगावर मिळत आणि निकृष्ट विडी नाकारली जाई. मात्र ठराविक वेळेला येण्याचे बंधन नव्हते आणि वळताना कोणी देखरेख करीत नसे. एवढ्यावरून तो माणूस ‘कामगार’ नाही, असे ठरले. न्या. सुब्बाराव यांनी भिन्नमत नोंदवले.

१५/ दोन निकालांत वर्षाचेही अंतर नाही. पान तेच, तंबाखू तीच, हात तसेच. बदलला तो हजेरीचा आणि वेळेचा तपशील. मालकाच्या वकिलाने यातून काय शिकावे? हजेरीपट ठेवू नका, वेळ ठरवू नका, म्हणजे जबाबदारी टळेल. नियंत्रणाची कसोटी जितकी बारीक, तितकी ती चुकवण्याची कलाही बारीक होत जाते. या इतिहासातील सर्वांत गंभीर दोष हाच आहे.

१६/ संसदेने मग प्रश्नच बदलला. ‘विडी व सिगार कामगार (नोकरीच्या अटी) अधिनियम, १९६६’ ने कारखान्यात वळणारा, कंत्राटदारामार्फत येणारा आणि घरी पान-तंबाखू नेऊन वळणारा, अशा सर्वांना एका व्याख्येत घेतले. कोण कोणाच्या नियंत्रणाखाली, ही चर्चा त्या धंद्यापुरती मागे पडली. कारखानदारांनी या कायद्याला आव्हान दिले. १९७४ साली मंगलोर गणेश बीडी वर्क्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला.

१७/ न्यायालयाची दृष्टीही पुढे सरकली. १९७८ च्या हुसेनभाई प्रकरणात, केरळमधील दोरखंडाच्या कारखान्याबाबत, न्या. कृष्ण अय्यर यांनी कागदी कंत्राटाचा पडदा दूर करून पाहण्याचा आग्रह धरला. ज्याच्या धंद्यासाठी माल तयार होतो आणि ज्याने काम थांबवताच मजुराची रोजीरोटी थांबते, तोच खरा मालक. मधल्या ठेकेदारांची रांग कितीही लांब असो.

१८/ तरी भरपाईच्या दाव्यात आपण कामगार होतो हे दाखवण्याचा पहिला भार आजही जखमी माणसावर किंवा त्याच्या वारसांवर पडतो. हजेरीपट, मजुरीच्या पावत्या, ठेक्याचा कागद, यांपैकी जे काही असेल ते दुसऱ्या पक्षाच्या कपाटात असते. साक्ष देऊ शकणारे सोबती दुसऱ्या कामावर किंवा गावी निघून गेलेले असतात. नागपूरच्या तिघांना न्याय मिळाला, कारण ते जिवंत होते आणि कारखान्यात हजेरी लिहिली जात होती.

१९/ इतरत्र काय आहे? अमेरिकेच्या मोंटाना राज्यात भरपाई विम्यातून सूट हवी असलेल्या स्वतंत्र कंत्राटदाराला राज्याच्या कामगार खात्याकडून आधीच प्रमाणपत्र घ्यावे लागते, आपला वेगळा धंदा असल्याचे पुरावे देऊन. कॅलिफोर्नियात २०१८ च्या एका निकालापासून, विशेषतः वेतनविषयक वादांत, काम देणाऱ्यालाच तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : माणूस त्याच्या नियंत्रणाबाहेर आहे, काम त्याच्या नेहमीच्या धंद्याबाहेरचे आहे आणि त्या माणसाचा स्वतःचा स्थिर व्यवसाय आहे.

२०/ यावर एक रास्त आक्षेप आहे. खरोखर स्वतंत्र कारागीर असतात : स्वतःचे दुकान, स्वतःची अवजारे, चार ठिकाणची कामे, स्वतः ठरवलेला दर. त्यांना बळेच कुणाचे नोकर ठरवणे अन्यायाचे होईल. मान्य. पण अशा कारागिराचे स्वातंत्र्य सिद्ध करणे अवघड नसते. नोंदणी, देयके, इतर गिऱ्हाइके, सर्व पुरावे उपलब्ध असतात. जेथे ते अवघड जाते, तेथे ‘स्वतंत्र’ या शब्दाविषयीच शंका घ्यावी.

२१/ म्हणून या इतिहासातून निघणारी मागणी साधी आहे. जो सूट मागतो त्याने सिद्ध करावे. बेसाच्या इमारतीवर काम करणारा प्रत्येक जण कामगार आहे, असे गृहीत धरून कायद्याने सुरुवात करावी. तो स्वतंत्र कंत्राटदार होता असे बिल्डरला म्हणायचे असेल, तर त्याने ते अपघातापूर्वीच्या कागदांनी दाखवावे. मृत्यूनंतर लिहिलेल्या जबाबाने नव्हे.

२२/ हा प्रश्न आता अधिक तातडीचा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ‘सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०’ लागू झाली आणि भरपाईच्या तरतुदी तिच्यात सामावल्या. या संहितेने ‘गिग कामगारा’ची दखल घेतली, पण त्याची व्याख्या पारंपरिक मालक-कामगार नात्याच्या बाहेरचा माणूस अशी केली. त्याच्यासाठी कल्याण योजना आहेत आणि कंपन्यांकडून त्यासाठी अंशदानही घेतले जाईल. मालकाकडून भरपाई मिळण्याचा कामगाराचा हक्क मात्र वेगळी गोष्ट आहे.

२३/ बेसाच्या रस्त्यांवर जेवणाचे डबे पोचवणारा तरुणही ‘वाटेल तेव्हा’ ॲप सुरू करतो आणि ‘वाटेल तेव्हा’ बंद करतो. पण नाकारलेल्या ऑर्डरींची नोंद होते, गिऱ्हाइकांचे तारे मोजले जातात आणि खाते बंद करण्याची कळ दुसऱ्याच्या हाती असते. बारानंतर तंबाखू न देणारा कारखाना आणि हे ॲप यांत फरक यंत्राचा आहे. १९६० च्या न्यायालयाने जे पाहिले, ते पाहण्याची तयारी आज हवी.

२४/ अखेरीस एक नोंद. नागपूरचा तो निकाल व्यवस्थापकाच्या नावाने ओळखला जातो, समोर न्यायाधीशाचे पद आहे. ज्यांच्या रजेसाठी हे सारे झाले, ते तीन विडी कामगार शीर्षकात ‘इतर’ म्हणून राहिले. इतिहासाच्या अभ्यासकाने निकाल वाचताना या ‘इतरां’कडे आधी पाहावे. त्या हक्काची सुरुवात त्यांच्या अर्जापासून झाली होती. (समाप्त)