यादीत किल्ला आला, वाटेचं काय?

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत आमचा पन्हाळा आहे, आनंदच आहे. पण १६६० च्या जुलैतल्या एका रात्री पन्हाळ्याभोवतीच्या सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज ज्या वाटेने विशाळगडाला गेले, ती वाट त्या यादीत नाही आणि विशाळगडही नाही. मला तर त्या रात्रीचा खरा पुरावा ही वाटच वाटते.

या वाटेवर म्हाळुंग्याचा चढ संपला की मसाई पठार लागतं. जांभ्याचा उघडा सडा, त्यावर आखूड गवत, मसाई देवीचं देऊळ, आणि धुकं इतकं की पुढच्याची पाठसुद्धा मधूनच गायब होते. आडोशाला झाड नाही. आषाढी पौर्णिमेच्या रात्री पालखी घेऊन एवढी माणसं इथून गेली ती पावसाच्याच भरवशावर, हे इथे भिजल्यावर पटतं. पुढे कुंभारवाडी, खोतवाडी, आंबेवाडी, मग दाट रान. मोज्यात जळवा शिरतात. वाडीतली एखादी मावशी भाताची लावण थांबवून जळवांवर लावायला चिमूटभर तंबाखू देते, वर हसतेही.

या वाटेचे बरेच तुकडे आता डांबराखाली, काँक्रीटखाली गेलेत. उरलेलीही पक्की करा म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांनी पावसाळ्यात काँक्रीटवर चालून बघावं. आठवडाभरात शेवाळ धरतं आणि माणूस आडवा होतो. चिखलात निदान पाय रुततो. वाट खचते तिथे जांभा बसवा, पाणी काढायला आडवे चर मारा, तेवढं बास.

वाडीला रस्ता नको, असं मी म्हणत नाही. आजारी माणूस डोलीतून न्यायची वेळ कुणावर येऊ नये. तो रस्ता वाडीपर्यंत जावा; दोन वाड्यांमधली रानवाट मात्र पायांसाठी राहू द्या. आणि जुलैतल्या दोन-तीन शनिवार-रविवारी वाटेवर चालणाऱ्यांची जी झुंबड उडते, तिला आकड्याची मर्यादा घाला. माणशी शुल्क घ्या आणि ते थेट वाड्यांच्या ग्रामपंचायतींना द्या, कारण आपल्या मागे राहिलेल्या बाटल्या आणि बिस्किटांचे पुडे त्याच उचलतात.

वाटेवरच्या पावनखिंडीत उतरायला लोखंडी जिना आहे, तेवढा पुरे. आणखी एखादी कमान उभारायला निधी आलाच, तर आधी मुक्कामाच्या वाड्यांत संडास बांधावेत.