खोकला नाही, तरी क्षय असू शकतो

एचआयव्हीच्या वॉर्डात मी परिचारिका आहे. रुग्णाचा ताप हटत नाही, अंगात त्राण नाही, डोळे खोल गेलेले. खोकला मात्र नाही. नातेवाईक म्हणतात, “सिस्टर, थुंकीत काहीच निघालं नाही.” पण रोगाशी लढणाऱ्या सीडी४ पेशी फार घटल्या की क्षयाचे जंतू फुप्फुसातच राहतील असं नाही, ते रक्तात उतरतात, यकृत-प्लीहेत पसरतात. रक्ताच्या कल्चरला आठवडे लागतात. तेवढा वेळ कुठे असतो? लघवीचे थेंब क्षय तपासणाऱ्या ‘लॅम’ पट्टीवर टाकले, की जंतूंचा अंश सापडल्यास २५ मिनिटांत रेघ दिसते. जागतिक आरोग्य संघटनेने ही तपासणी २०१५ मध्येच सुचवली. (रेघ उमटली नाही म्हणून क्षय नाहीच, असं समजू नये.) ही तपासणी रुग्ण दाखल केल्या दिवशीच व्हावी, रात्री अकराला आलेल्याचीही. पट्ट्यांचा डबा प्रयोगशाळेत नको, वॉर्डातल्या ट्रॉलीवर हवा.